वरवंट्याचं बारसं

१

सकाळी आशुतोषची गाडी गल्लीबाहेर पडली, की सरलाबाई ओढणी कमरेला खोचायच्या, स्वयंपाकघरात चटई अंथरून पाय लांब सोडून बसायच्या आणि नातवाला पायांवर पालथा घ्यायच्या. तेल कोमट केलेलं असायचं, बेसन-सायीची वाटी हाताशी. मग त्या पोराचं एकही हाड त्यांच्या तावडीतून सुटायचं नाही. पोर असा टाहो फोडायचं, की ऐकणाऱ्याला वाटावं इथे कुणाचा तरी जीव घेतायत. तेवढ्यात भिंतीपलीकडून टकटक व्हायची. शेजारची म्हातारी नोरीन. रागाने नव्हे हं. 'ऐकलं तुझं, ऐकलं' एवढंच कळवायला.

सरलाबाई नाशिकहून आयर्लंडला सुनेच्या बाळंतपणाला आल्या होत्या. पण व्हिसाच्या घोळात उशीर झाला आणि त्या पोचल्या तेव्हा बाळंतपण उरकलंही होतं. आशुतोषची बहीण विभावरी कॉर्कला औषधांच्या कारखान्यात नोकरीला, तिला सुट्टी मिळेना. आणि आत्याशिवाय बारसं कसलं? असं करता करता पोर दोन महिन्यांचं झालं तरी बिननावाचंच राहिलं. नाव ठरलेलं होतं, पण आत्याने कानात सांगेपर्यंत ते तोंडातून काढायचं नाही, असा सरलाबाईंचा दंडक. तोवर सगळ्यांचं आपलं नुसतं 'बाळ'. आशुतोष कामावरून फोन करून विचारायचा, बाळ काय करतंय. कौमुदी त्याला थोपटताना म्हणायची, बाळा, झोप रे आता.

"बिननावाचं पोर इतके दिवस ठेवू नये," सरलाबाई त्याच्या उजव्या कानामागे बोट फिरवत म्हणायच्या. तिथे मसुराएवढा, जरा वर आलेला तीळ होता. "हा आमच्या घरचा शिक्का. आशूलाही इथेच आहे." तेल लावताना हे वाक्य रोज, न चुकता.

कौमुदी समोर चहाचा कप घेऊन बसायची आणि हसायची. ती मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. होती, पुण्यात लॅबमध्ये चांगली नोकरी होती, आणि ती सोडून नवऱ्यामागे या टिचभर गावात आली होती. पहिलं वर्ष तिला इथे नुसतं खायला उठलं होतं. बाळ झालं आणि घराला आवाज आला. त्या रडण्याचा तिला कधीही वैताग आला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

२

ॲबीक्लून हे गाव म्हणजे एक मोडका मठ आणि त्याला बिलगून वाढलेली वस्ती. मलिंगारपासून गाडीने थोडं आत. मध्ययुगात कधीतरी भिक्षूंनी मठ बांधला, त्यांच्या आधाराने लोहार आले, विणकर आले, बाजार भरू लागला. पुढे मठ पडला आणि गावाने तो चक्क उचलून नेला. केमिस्टच्या दुकानाची मागची भिंत मठाच्या भोजनशाळेची आहे. पबच्या धुराड्यात एका संताचा अर्धा चेहरा बसवलेला आहे. कौमुदीच्या भाड्याच्या घराची पायरीसुद्धा तिथलीच, मधोमध झिजून खोलगट झालेली. गावातलं कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

विभावरीची सुट्टी मंजूर झाली आणि सरलाबाईंनी तयारीला हात घातला. पाळणा होता, झबलं-टोपडं होतं, घुगऱ्यांना हरभरे भिजत पडले होते. अडलं ते वरवंट्यापाशी.

"मिक्सर आहे की, आई," आशुतोष म्हणाला.

"मिक्सरला टोपडं घालू का?"

"मग लाटणं घे. त्यालाही घालता येईल."

"लाटणं लाकडाचं. किडतं. पोराला आयुष्य मागायचं ते दगडासारखं मागायचं, मग दगडच हवा."

आता ज्यांनी बारसं पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वरवंट्याला धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झबलं-टोपडं घालून बाळासारखं सजवतात. पाळण्याच्या दोन बाजूंना बायका उभ्या राहतात आणि 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत तो पाळण्याखालून, पाळण्यावरून एकमेकींच्या हाती देतात. मग तो पाळण्यात, बाळाच्या पायाशी. खरं बाळ त्यानंतर. आपल्याकडे घरोघरी होतं हे, यात कुणाचं काही वाकडं झाल्याचं ऐकिवात नाही.

त्या संध्याकाळी लख्ख उजेड होता. तिघं बाबागाडी घेऊन मठात फिरायला गेली. चर्चला छप्पर नव्हतं, आत कबरी होत्या, नावं कोरलेल्या, नीट राखलेल्या. उत्तरेच्या भिंतीबाहेर मात्र नुसतं गवत होतं, आणि गवतात छोटे छोटे दगड, सारख्या अंतरावर, कांद्याची रोपं लावावीत तसे. त्यात एक लांबट, गोल, पाण्याने गुळगुळीत झालेला. सरलाबाईंनीच तो आधी पाहिला.

"अगं बाई, हा तर आयता वरवंटा."

आशुतोष वाकला. "अर्धं गाव याच दगडांवर उभं आहे. एक आपण नेला तर काय बिघडलं?"

दगड सहज निघाला. दिवसभर पावसाची भुरभुर होती, गवत चिंब होतं, पण दगड निघाला तो खळगा आतून अगदी कोरडा होता. कौमुदीला ते दिसलं. ठेवा तो परत, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण बाळ चुळबुळायला लागलं, दुधाची वेळ झाली होती, आणि ते तसंच राहून गेलं.

३

बारशाला मलिंगारहून रोहिणी आली, सिटीवेस्टहून अनुया आली, आणखी दोघीतिघी आल्या. नोरीनला बोलावणं होतं, पण तिचं कमरेचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात निघालं आणि ती इस्पितळात. घर बायकांच्या आवाजाने भरून गेलं. विभावरी पैठणी नेसून, हातात मोबाईल धरून, नाशिकच्या काकूंना व्हिडिओवर पाळणा दाखवत होती.

सजवलेला दगड फिरू लागला. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. "जड आहे गं तुमचा गोपाळ," अनुया म्हणाली. रोहिणीने तो पाळण्याखालून घेतला आणि जरा थांबली. "आणि ऊबदार आहे."

"खिडकीत ठेवला होता. ऊन लागलं असेल," सरलाबाई म्हणाल्या.

दगड पाळण्यात गेला. आता बाळाला ठेवायचं, म्हणून कौमुदी पुढे झाली, तर सासूबाईंनी तिला हाताने थांबवून खाली बसवलं. त्यांच्या माहेरी म्हणे नाव आधी वरवंट्याच्या कानात सांगतात. काय दृष्ट लागायची ती दगडाला लागते, पोराच्या वाटेला चोख नाव येतं. कौमुदीच्या माहेरी असलं काही नव्हतं. पण प्रत्येक घराची तऱ्हा वेगळी, आणि सासूच्या माहेरच्या रीतीला नाही म्हणण्याची ही वेळ नव्हे, एवढं तिला कळत होतं.

"याला कान कुठेय?" विभावरीने विचारलं. सगळ्या हसल्या.

"वाक तू. असेल तिथे असेल."

विभावरी वाकली. "कुर्रर्र," ती म्हणाली, आणि हलकेच, "सुश्रुत." बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, हशा झाला, आणि त्या हशात एक बारीकसा 'हुं' ऐकू आला. बोलावल्यावर तान्हं मूल देतं तसा.

"बघा, ऐकलंन हो," रोहिणी म्हणाली, आणि सगळ्या कौतुकाने कौमुदीच्या मांडीकडे वळल्या. तिच्या मांडीवर बाळ गाढ झोपलं होतं, तोंड अर्धवट उघडं. त्याने हूं की चूं केलेलं नव्हतं. ते फक्त तिला माहीत होतं. आणि त्याच क्षणी तिला पान्हा फुटला, असा की ब्लाउज ओला झाला आणि पदर पुढे ओढून घ्यावा लागला.

मग बाळाला पाळण्यात ठेवलं. विभावरीने त्याच्याही कानात तेच नाव सांगितलं. त्याने डोळे उघडले नाहीत.

४

जेवणं झाली, पाहुण्या गेल्या. कौमुदी पाळण्याशी आली तर पायाशी ठेवलेला दगड बाळाच्या डोक्याशी, गालाला लागून होता. कुणीतरी फोटोसाठी हलवला असेल. तिने तो उचलून सरलाबाईंच्या हाती दिला. त्यांनी झबल्यासकट तो जिन्याच्या वरच्या हॉट प्रेसमध्ये ठेवला. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं भिंतीतलं कपाट, आयरिश घरांत टॉवेल न् तान्ह्याचे कपडे उबेला ठेवतात ते. त्याची मागची भिंत नोरीनच्या घराला लागून.

"टाकायचा नाही हं इतक्यात," त्या म्हणाल्या. "गोपाळ आहे तो. काही दिवस राहू दे घरात."

दुसऱ्या दिवशी न्हाऊ घालताना बाळ रडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सरलाबाई आधी खूश होत्या. नाव पडलं न् शहाणा झाला माझा राजा, म्हणून त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मग एका सकाळी त्यांचा हात थांबला.

"कौमुदी, इकडे ये जरा. तेल मुरत नाही गं याच्या अंगात."

खरंच मुरत नव्हतं. पाठीवर थेंब थेंब उभा होता, पुसला की निघून यायचा आणि खालची कातडी कोरडी. कौमुदीने हात लावला. थंडगार. तिने खिडकी लावली, हीटर लावला, स्वतःच्या छातीशी धरून बसली. ऊब तिचीच कमी होत गेली.

आशुतोषला सांगितलं तर तो म्हणाला, नर्सला बोलावू. नर्स आली, गोड मुलगी होती. तिने बाळ उलटंपालटं करून पाहिलं, ताप मोजला, काट्यावर ठेवलं. "ग्रँड आहे गं हा, एकदम छान. किती शांत. वजन तर बघ, झपाट्याने वाढतंय." मग तिने कौमुदीला तिच्याच झोपेबद्दल विचारलं. मनाचं कसं आहे? कधी भरून येतं का? कौमुदीला सांगायचं होतं, की तो धड दूध पीत नाही, ओठ लावून नुसता पडून राहतो. मग वजन कशाचं वाढतंय? पण नर्सने आशुतोषकडे पाहिलं, त्याने नर्सकडे पाहिलं, आणि कौमुदीला कळलं की आता आपण काहीही बोललो तरी ते आपल्याच नावावर लिहिलं जाणार आहे.

"ती म्हणाली ना ग्रँड आहे," नर्स गेल्यावर आशुतोष समजुतीने म्हणाला. त्या समजुतीचा कौमुदीला भयंकर राग आला.

५

ती शिकलेली बाई होती. तिने स्वतःला बजावलं, की तीन महिन्यांच्या आतलं मूल नावाला ओ देत नसतं, त्याला नाव म्हणजे काय ते ठाऊक नसतं. तरी ती पाळण्याशी बसून हाक मारत राहायची. सुश्रुत. सुश्रुत रे. बाळ छताकडे बघत राहायचं. त्याची नजर आताशा हलायची नाही.

एका दुपारी ती वरच्या मजल्यावर धुतलेले टॉवेल घेऊन आली. सासूबाई खाली पोळ्या लाटत होत्या. पाळणा समोरच्या खोलीत, दार उघडं. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून तिने सहज हाक मारली.

'हुं.' पाठीमागून.

ती वळली नाही. टाकीत पाणी भरताना गुडगुड होते, ती रोज ऐकते. पाइप जुने आहेत. घरमालकाला सांगायला हवं. असं सगळं नीट एकामागून एक मनात म्हणून झाल्यावर तिने पुन्हा हाक मारली, आणि पुन्हा 'हुं' आला, या वेळी जरा लाडात. आणि तिला पान्हा फुटला. ज्या छातीतून पोटच्या पोरासाठी थेंब निघत नव्हता, ती हॉट प्रेसच्या दारासमोर गळायला लागली. कौमुदीला स्वतःच्या अंगाची किळस आली.

तिने दार उघडलं. टॉवेल, चादरी, त्यांच्यामध्ये टोपडं घातलेला दगड. ऊबदार. हॉट प्रेसमध्ये ठेवलेली वस्तू ऊबदार नसेल तर काय असेल? तिने तो खाली नेला, खिडकी सताड उघडून तिच्या चौकटीवर ठेवला. बाहेरून गार वारा न् पावसाचे शिंतोडे येत होते. तिने सावकाश चहा केला, प्यायली, कप धुतला. मग हात लावला.

तितकाच ऊबदार होता. झबल्याचं पोट वरखाली होतंय का, हे पाहायला ती थांबली नाही. पण गळ्यापाशी कापड ओलं होतं, आणि त्याला पावसाचा वास नव्हता. दुधाचा होता.

सरलाबाईंनी पोळपाटावरून मान वर केली. सून काय पाहतेय ते त्यांनी पाहिलं. "गॅस बंद कर," एवढंच त्या म्हणाल्या आणि लाटणं खाली ठेवलं.

६

नोरीन इस्पितळातून घरी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी भिंतीवर टकटक झाली. कौमुदी हातातलं काम टाकून उभी राहिली. बाळ खाली आणलेल्या पाळण्यात निपचित होतं. घरात टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. पुन्हा टकटक. ऐकलं तुझं, ऐकलं.

दुपारी नोरीन काठी टेकत, स्वतः विणलेलं पिवळं स्वेटर घेऊन आली. "काय छाती आहे तुमच्या पोराची," खुर्चीत बसता बसता ती म्हणाली. "सकाळपासून रडतोय. मला बाई फार बरं वाटलं. रिकाम्या घरात परत येणं सोपं नसतं."

"तो रडत नाही, नोरीन. बारशापासून रडलाच नाही."

नोरीनने पाळण्याकडे पाहिलं. मग खिडकीच्या चौकटीकडे. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू पुसलं गेलं.

"हा कुठून आणलात?"

कौमुदीने सांगितलं. वरवंटा, बारसं, उत्तरेची भिंत. बाजू सावरायला तिने आशुतोषचंच वाक्य पुढे केलं, की अर्धं गाव त्याच दगडांचं आहे.

"भिंतींचे दगड नेले गावाने. हे नाही कधी नेले." नोरीन एकेक शब्द जपून बोलत होती. "नाव पडायच्या आत गेलेली पोरं आहेत ती. त्यांना आत, चर्चच्या पवित्र जमिनीत, घेत नसत. बाप खोक्यात घालून न्यायचा, भिंतीबाहेर पुरून यायचा, आणि घरात त्यावर कुणी बोलायचं नाही. माझ्या आधीचा एक भाऊ आहे तिथे. आई दर रविवारी त्या बाजूने वळसा घालून यायची. नदीतला लांबट दगड होता, तिने स्वतः आणून ठेवलेला."

तिने हात पुढे केले. कौमुदीने तो का दिला, ते तिलाही सांगता आलं नसतं. नोरीनने त्याला मांडीवर घेतलं, टोपडं सारखं केलं.

"काय नाव ठेवलंत?"

कौमुदीने सांगितलं. या गावात ते नाव एकालाही धड म्हणता आलं नव्हतं, नर्सने तर दोनदा माफी मागितली होती. नोरीन म्हणाली, "सुश्रुत." अगदी स्वच्छ.

तो 'हुं' तिघींनी ऐकला. सरलाबाई देव्हाऱ्यापाशी बसून रडायला लागल्या. रडत नोरीनही होती, पण तिचं रडणं निराळं होतं. आईने जन्मभर वाट पाहिली, असं काहीतरी ती पुटपुटत होती, आणि तिचा चेहरा सुखाने उजळला होता.

"त्याला परत तिथे नको ठेवूस," ती म्हणाली. "गार असतं गं तिथे."

"आणि माझा?" कौमुदीने विचारलं.

नोरीनने पाळण्याकडे पाहिलं. वाईट बाई नव्हती ती. बाळंतपणानंतर महिनाभर तिने यांच्या दारात सूप आणून ठेवलं होतं.

"तू तरुण आहेस," ती म्हणाली. "तुला आणखी होतील."

७

दुसऱ्या दिवशी आशुतोष कामाला गेला आणि कौमुदीने निश्चय केला. सरलाबाई बाळाला पायांवर घेऊन चटईवर बसल्या होत्या, तेल न लावता, नुसत्या.

"ठेवून ये," त्या म्हणाल्या. "जिथला तिथे ठेवून ये. माझंच चुकलं, काय ते मी देवाला सांगेन. तू जा."

आदल्या दिवशी नोरीन गेल्यावर दगड पुन्हा वर ठेवून दिला होता. कौमुदी वर गेली. हॉट प्रेसमध्ये पाहायचं नाही, असं तिने ठरवलंच होतं. टॉवेलांत हात घातला, टोपडं लागलं, तसंच उचलून शालीत गुंडाळलं. खूप जड होतं. आणि पहिल्यांदाच गार होतं. सुटलो, असं तिला वाटलं. त्यालाही कळलंय, आता जायचं आहे ते.

नोरीन आपल्या दारात उभी होती. ती आडवी आली नाही. फक्त म्हणाली, "नीट पाहून घेतलंयस ना?"

कौमुदी थांबली नाही. झपाझपा चालत ती केमिस्टवरून, पबवरून, मठाच्या कमानीतून उत्तरेच्या भिंतीशी आली. खळगा तसाच होता, कोरडा. तिने शाल सोडली, नजर भिंतीवर ठेवून झबलं-टोपडं चाचपडत काढलं आणि ते जड, गार, गुळगुळीत खळग्यात बसवलं. ते नीट बसलं. हात काढून घेताना बोटांना काहीतरी लागलं. उजवीकडे, वरच्या अंगाला. मसुराएवढं, जरा वर आलेलं. खडा असेल, तिने म्हटलं. चिखल असेल.

आणि तेवढ्यात गल्लीतून टाहो ऐकू आला. खणखणीत, छाती फोडून काढलेला. तिच्या घरातून. इतके दिवस ज्या आवाजासाठी ती कान देऊन बसली होती तोच. कौमुदी धावत सुटली. मागे वळून पाहावं असं तिच्या मनातही आलं नाही. आनंदाने आंधळी झाली होती ती.

घरी सरलाबाई रडत होत्या, हसत होत्या. त्यांच्या पायांवर पोर लालबुंद होऊन हातपाय झाडत होतं. "बघ, तेल मुरलं बघ. ऊब आली गं अंगाला." कौमुदीने त्याला छातीशी घेतलं. तो अधाशासारखा प्यायला, जन्मात दूध न मिळाल्यासारखा. तिचे डोळे वाहत होते. भिंतीवर टकटक झाली, आणि तिने हसून पलीकडे टकटक केली.

मग ढेकर काढायला तिने त्याला खांद्यावर घेतलं आणि कानामागचं जावळ बोटाने बाजूला केलं.

"काय शोधतेस?" सरलाबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई."

८

कौमुदी त्याच दुपारी मठात परत गेली होती. पाऊस पडून गेला होता. खळगा कुठेच नव्हता. सगळे दगड आपापल्या जागी, गवतात बसलेले, सारखे. लांबट, गुळगुळीत असा एकही नाही. तिने दोन हलवून पाहिले, तिसऱ्याखाली नखं मोडेपर्यंत माती उकरली. फिरायला आलेल्या एका जोडप्याने तिच्याच मोबाईलवरून आशुतोषला फोन केला.

त्यावरून कौमुदीला गोळ्या सुरू झाल्या. पोर बाळसं धरू लागलं. नाव घेतलं की मान वळवून हुं म्हणतं. नर्स म्हणाली, एवढ्या लवकर नावाला ओ देणारं मूल पाहिलं नाही. आशुतोष सुखावला. सगळे तुझ्या मनाचे खेळ होते, असं त्याने एकदाही म्हटलं नाही, इतका तो भला आहे. नोरीन रोज येते, तासन् तास त्याला मांडीवर घेऊन बसते आणि जाताना पाय निघत नाही तिचा.

सरलाबाई जाईपर्यंत रोज न्हाऊ घालत होत्या. डोक्यापासून टाचेपर्यंत तेल लावायच्या, फक्त उजव्या कानामागे बोट न्यायच्या नाहीत. शिक्क्याचं वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही. विमानतळावर कौमुदी पाया पडली तेव्हा त्यांनी तिचा हात घट्ट धरला, काही बोलायला तोंड उघडलं, आणि मुलगा बॅगा घेऊन आला तसं मिटलं.

आता दिवस लहान झालेत. कौमुदी दुपारी बाबागाडी घेऊन मठात जाते, हवा खायला, असं घरी सांगून. काल ती भिंतीशी गेली. गाडी मागे उभी केली आणि ओळीतल्या दगडांकडे पाहत हाक मारली.

"सुश्रुत."

'हुं,' मागून गाडीतून आला. लगेच, लाडात.

तिने डोळे मिटून घेतले. ज्याला हाक मारायची त्याचं नाव आता दुसऱ्याचं होतं, आणि त्याला दुसरं कुठलं नाव कधी दिलेलंच नव्हतं. मग तिला आठवलं, बारशाआधी सगळे त्याला काय म्हणायचे. ती गवतात गुडघ्यांवर बसली, तोंड जमिनीशी नेलं आणि हळूच म्हणाली, "बाळा."

पायाशी कुठेतरी 'हुं' झाला. इतका बारीक, की श्वास धरून ऐकावा लागला. तिचं काळीज लकाकलं. ती त्या बाजूला सरकली. तोच जरा पलीकडून 'हुं' आला. मग त्याच्याही पलीकडून. मग भिंतीच्या कडेने, ओळीच्या पार टोकापर्यंत, एकामागून एक, सगळ्यांनी ओ दिली.

ती अंधार पडेपर्यंत तिथे बसून हाका मारत होती. त्यांतला तिचा कुठला, ते तिला ओळखता आलं नाही.